ऑस्ट्रेलियातला कर : घामावर पूर्ण, घरावर अर्धा

टार्नीटकर | २ नोव्हेंबर २०२५

परवा ३१ ऑक्टोबरला रात्री साडेदहाला टॅक्स रिटर्न भरून मोकळा झालो. शेवटची तारीख हाच आमचा मुहूर्त.

त्याच्या आदल्या आठवड्यात इथे टार्नीटलाच, मेलबर्नच्या या उपनगरात, एका मित्राकडे फराळ होता. पहिली चकली मोडायच्या आत विषय निघाला, तो नेहमीचाच. कोणी दुसरं घर घेतलं, कोणी तिसरं बघतोय, कोणाला 'गिअरिंग'मध्ये किती परत मिळाले. मित्राची बहीण वृद्धाश्रमात नर्स आहे, रात्रपाळी करते. तिने मधेच विचारलं, "म्हणजे घरात तोटा दाखवला की तुम्हाला पैसे परत, आणि मी जास्तीची पाळी केली की माझ्याकडून कापून घेतात?" सगळे हसले. उत्तर कोणीच दिलं नाही. मग कोणीतरी "चहा टाका" म्हणालं.

म्हणून हा धागा. मी अर्थशास्त्री नाही, आयटीत आहे. पण इथल्या डाव्यांचं म्हणणं मराठीत कुणी नीट मांडलेलं दिसत नाही. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर 'डावे म्हणजे कर वाढवणारे' एवढ्यावर विषय संपतो.

आधी नर्सबाईंच्या प्रश्नाचा हिशेब. समजा साडेसहा लाख डॉलरचं घर भाड्याने द्यायला घेतलं. कर्ज ५,८५,०००, व्याज ६ टक्के, म्हणजे वर्षाला ३५,१००. कौन्सिल रेट, विमा, एजंट, लँड टॅक्स मिळून ६,५०० धरू. भाडं आठवड्याला ४८० म्हणजे वर्षाला २४,९६०. तोटा १६,६४०. हा तोटा पगारातून वजा होतो, हेच निगेटिव्ह गिअरिंग. पगार १,२०,००० असेल तर मेडिकेअर (सरकारी आरोग्यसेवेचा कर) धरून ३२ टक्क्यांनी ५,३२५ डॉलर वाचतात. तेच घर अडीच लाख कमावणाऱ्या सर्जनने घेतलं तर ४७ टक्क्यांनी ७,८२१. घर तेच, भाडेकरू तोच, तोटाही तोच, पण ज्याला गरज कमी त्याला मदत जास्त.

आता पुढचं पाऊल. घर वर्षभराहून जास्त ठेवून विकलं की नफ्याच्या फक्त निम्म्या रकमेवर कर. एकाने वर्षभर राबून १ लाख कमावले तर मेडिकेअरसकट पावणेतेवीस हजार जातात. दुसऱ्याचं त्या वर्षीचं उत्पन्न म्हणजे नुसता घरविक्रीचा १ लाख नफा असेल तर त्याचे जातात साडेसहा हजारांच्या आसपास.

आणि हे काही आकाशातून पडलेलं नाही. १९८५ मध्ये पंतप्रधान हॉक आणि अर्थमंत्री कीटिंग यांच्या लेबर (डावीकडे झुकणाऱ्या पक्षाच्या) सरकारने भांडवली नफ्यावर कर आणला आणि त्याच वर्षी निगेटिव्ह गिअरिंगला कुंपण घातलं. सिडनी-पर्थमध्ये भाडी वाढल्याची ओरड झाली आणि १९८७ मध्ये त्याच सरकारने ते कुंपण काढलं. (बाकीच्या शहरांत भाडी तशी वाढली नव्हती. त्या दोन शहरांत रिकामी घरंच नव्हती. पण 'कुंपण घातलं की भाडं वाढतं' ही म्हण तेव्हापासून चालू आहे.) १९९९ मध्ये उजव्या सरकारच्या हॉवर्ड-कॉस्टेलोंनी नफ्यातून महागाई वजा करायची पद्धत काढून टाकून त्याजागी ही सरसकट ५० टक्के सूट आणली. दोन्ही सवलतींची जोडी जमली आणि 'तोट्यात घर चालवणं' हा धंदा झाला.

मी रोज व्ही-लाइनच्या ट्रेनने शहरात जातो. वाटेत सनशाईन लागतं. उपनगराला हे नाव एका यंत्रावरून पडलंय, ह्यू मॅकेच्या सनशाईन हार्वेस्टरवरून. कापणीयंत्राचा तो कारखाना होता तिथे आता शॉपिंग सेंटर आहे. १९०७ चा हार्वेस्टर निवाडा इथल्या शाळेत शिकवतात, तो किमान वेतनाचा निवाडा म्हणून. मला तो वाचताना कळलं की भांडण मुळात कराचं होतं!

१९०६ च्या कायद्याने देशात बनणाऱ्या शेतीच्या यंत्रांवर अबकारी कर लावला होता. त्यात अट अशी की मालक कामगारांना 'रास्त आणि वाजवी' वेतन देत असेल तर कर माफ. मॅके माफी मागायला गेला. न्यायमूर्ती हिगिन्सनी विचारलं, रास्त म्हणजे किती? कामगार, त्यांच्या बायका, घरमालकाचा हिशेब असं सगळं ऐकून आकडा काढला : अकुशल माणसाला दिवसाला ७ शिलिंग. बायको-मुलांसह काटकसरीत पण माणसासारखं जगता येईल इतके. मॅके देत होता ६. माफी नाकारली. पुढच्याच वर्षी हायकोर्टाने (इथलं सर्वोच्च न्यायालय) तो कायदा ३ विरुद्ध २ मतांनी घटनाबाह्य ठरवला. हिगिन्स त्या अल्पमतात होते. कर गेला, पण सात शिलिंगांचं माप राहिलं.

म्हणजे एकशेवीसेक वर्षांपूर्वी या देशाची कल्पना अशी होती की करातली सवलत मालकाला फुकट नाही, कामगाराचं भलं केलंस तर मिळेल. आज सवलत मिळते, अट काहीच नाही. डाव्यांच्या सगळ्या मागण्यांचं मूळ मला इथे दिसतं. 'दर वाढवा' हे त्यांचं मुख्य म्हणणं नाहीच. कष्टाच्या पैशाला आणि मालकीच्या पैशाला एका तराजूत घाला, एवढंच आहे.

(त्या सात शिलिंगांत फक्त गोरा पुरुष बसत होता हे विसरलेलो नाही. बायकांचं मूळ वेतन पुढे पुरुषांच्या ५४ टक्के ठरलं. आणि आपल्यासारख्यांना तर तेव्हा बंदरावरूनच परत पाठवायचे.)

बोला.

---

झोपाळू_वाचक

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न मायक्रोवेव्हमध्ये.

---

हिशेबनीस

सिडनीत पॅरामॅटाला अकाउंटंट आहे, म्हणून थोडी धुलाई.

१. सरकार 'पैसे देतं' हे चूक. तुझाच कापलेला कर परत येतो. १६,६४० खिशातून गेले तेव्हा ५,३२५ आले. बाकीचे ११ हजार तुझेच गेले. किंमत वाढली नाही तर तू मूर्ख ठरतोस. लोक हे विसरतात आणि माझ्याकडे येऊन "मला तोटा हवाय" म्हणतात. एका गृहस्थांनी तर विचारलं, तोटा थोडा वाढवून मिळेल का.

२. टेम्पररी व्हिसावर असाल तर भारतातलं भाडं इथे सहसा करपात्र नाही. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) झाल्यावर मात्र जगभरचं उत्पन्न दाखवायचं. कोथरूडचा फ्लॅटसुद्धा. 'तिथे टीडीएस कापलाय' हे उत्तर नाही. तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट इथे मिळतं, पण दाखवायला लागतं. दर वर्षी दहा जण हे मला नव्याने ऐकल्यासारखं ऐकतात.

३. भाड्याने घर देणारे करदाते साधारण २२ लाख आहेत. बहुतेकांकडे एकच. तेव्हा हे सगळे धनदांडगे नाहीत. शिक्षक आहेत, पोलीस आहेत, नर्सही आहेत.

हार्वेस्टरची माहिती मला नव्हती. त्यासाठी +१.

---

ब्रिस्बेनचा_बंडू

लेख चांगला, निष्कर्ष बिघडलेला.

वरचे दहा टक्के लोक इथला जवळजवळ निम्मा आयकर भरतात. आणखी किती पिळणार? केंद्राच्या महसुलातला निम्मा पैसा वैयक्तिक आयकरातूनच येतो. महागाईने पगार वाढतो, माणूस वरच्या टप्प्यात जातो, हातात काही उरत नाही. खरा अन्याय हा आहे.

आणि घरं बांधणार कोण? सरकार? सरकारी घरांच्या प्रतीक्षायादीत माणूस म्हातारा होतो. भाड्याची घरं आपल्यासारखेच पुरवतात. त्यांना झोडपलं तर ते विकून शेअर्समध्ये जातील, मग बसा ओपन हाऊसच्या रांगेत.

मी २००६ मध्ये दोन बॅगा घेऊन आलो. पहिली तीन वर्षं टॅक्सी चालवली. मला कोणी सात शिलिंग दिले नाहीत.

---

टार्नीटकर

बंडूभाऊ, 'निम्मा आयकर वरचे दहा टक्के भरतात' हे खरं असेलही, पण तो फक्त आयकर. दूध सोडून दुकानातल्या बाकी गोष्टींवर जीएसटी आहे, तो नर्सही भरते आणि सर्जनही, त्याच दराने. शिवाय ज्या उत्पन्नाला कर लागतच नाही ते त्या आकडेवारीत दिसणारच कसं?

आणि तुमचं दुसरं वाक्य डावेही म्हणतात! पगारावरचा भार जास्त आहे म्हणूनच मालकीवर थोडा सरकवा.

गुंतवणूकदार विकून गेला तर घर सोबत नेत नाही. ते कोणीतरी विकत घेतं, बहुधा भाडेकरूच. बहुतेक कर्जं जुन्या घरांसाठी घेतली जातात, त्यातून नवी वीट काही चढत नाही.

---

चकलीवाली

अवांतर : दूध सोडून बाकी सगळ्यावर जीएसटी हे चूक. ताजं, साधं अन्न सुटलंय. भाजी, मांस, पीठ, तांदूळ, ब्रेड. फरसाण मात्र 'स्नॅक' म्हणून सापडतं. भाजणी आणून घरी चकली तळा, जीएसटी नाही. तळलेली पाकिटातली आणा, १० टक्के. कच्च्या कोंबडीला नाही, दुकानातल्या गरम भाजलेल्या कोंबडीला आहे. माझं छोटं फराळाचं काम आहे, या यादीने माझे केस पांढरे केलेत.

१९९३ च्या निवडणुकीत जीएसटी आणू पाहणारे विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन यांना टीव्हीवर विचारलं होतं की वाढदिवसाच्या केकवर जीएसटी लागणार का. त्यांना सरळ सांगता येईना, आणि जिंकत आलेली निवडणूक ते हरले. शेवटी २००० साली जीएसटी आला तो डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षाशी तडजोड करून. ताजं अन्न त्यामुळे सुटलं.

---

टार्नीटकर

@चकलीवाली, चूक कबूल. दंडवत.

---

माधवी_पर्थ

घराघरातच काय भांडताय? आमच्याकडे या, जमिनीखालचं बघा.

माझा नवरा फिफो आहे, म्हणजे विमानाने खाणीवर ये-जा करतो. दोन आठवडे पिलबरात, एक आठवडा घरी. त्याच्या पगारातून कर कसा जातो ते दर पंधरवड्याला दिसतं. आता ज्या दगडावर तो काम करतो त्याची गोष्ट.

केन हेन्री हे तेव्हा ट्रेझरीचे, म्हणजे अर्थखात्याचे सचिव. त्यांच्या समितीचा करसुधारणेचा अहवाल २०१० मध्ये जाहीर झाला. भल्या मोठ्या अहवालातली एक ठळक सूचना पंतप्रधान रड यांच्या लेबर सरकारने उचलली : खाणींच्या जादा नफ्यावर ४० टक्के कर. तर्क सोपा होता. लोखंड देशाचं, चीनमुळे भाव चढला, त्यात कंपनीचं कर्तृत्व कितीसं? मग वाटा जनतेला द्या.

पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खाणवाल्यांनी २२ दशलक्ष डॉलर जाहिरातींवर घातले. जूनमध्ये आमच्या इथे लँगली पार्कवर मोर्चा होता, मी त्याच बाजूला ऑफिसात होते, जेवणाच्या सुट्टीत बघायला गेले. ट्रकच्या मागच्या फळीवर उभं राहून देशातली सगळ्यात श्रीमंत बाई, जिना राइनहार्ट, गळ्यात मोत्यांची माळ घालून 'कर रद्द करा' अशा घोषणा देत होती. अब्जाधीश लोक निदर्शनं करतात हे मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्याकडे मोर्चा म्हटलं की लाटणं घेतलेल्या बायका आठवतात.

त्याच महिन्यात रड यांचं पंतप्रधानपद गेलं. त्यांच्याच पक्षाच्या गिलार्ड आल्या, तीन मोठ्या कंपन्यांशी बसून कर पातळ केला. नुसतं लोखंड आणि कोळसा, ३० टक्के, वर सवलती. २०१२ मध्ये लागू झाला, तिजोरीत अपेक्षेच्या मानाने फारच थोडं आलं, २०१४ मध्ये उजव्या सरकारचे पंतप्रधान ॲबटनी रद्द केला.

गॅसचं तर विचारूच नका. समुद्रातल्या गॅसवर पीआरआरटी नावाचा कर आहे, ४० टक्के. ऐकायला जबरदस्त. पण जुन्या खर्चाच्या वजावटी वर्षानुवर्षं पुढे ओढता येतात, त्यामुळे देश जगातल्या मोठ्या एलएनजी (द्रवरूप गॅस) निर्यातदारांत असूनही हाती फार थोडं लागतं. २०२३ मध्ये अर्थमंत्री चाल्मर्सनी वजावटीला ९० टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणजे निदान १० टक्के उत्पन्नावर तरी काहीतरी द्या! हीच 'सुधारणा'. नॉर्वे तेल-गॅसवर ७८ टक्के घेतं आणि तरी कंपन्या तिथे आहेत.

---

ब्रिस्बेनचा_बंडू

नॉर्वे नॉर्वे नॉर्वे. नॉर्वेत सरकार स्वतः विहिरीत पैसा घालतं, तोट्यातही भागीदार असतं. ते सांगत नाही कोणी.

---

माधवी_पर्थ

मग आपणही घालू की. रडच्या मूळ योजनेत तोट्याचा ४० टक्के भार सरकारने उचलायचाच होता. खाणवाल्यांना तेही नको होतं.

---

रात्रीची_राणी

मीही नर्स. (फराळातली नव्हे.) आमच्या वॉर्डातल्या चर्चेत कर येतो तो 'स्टेज थ्री' करकपातीमुळे.

ही कपात मॉरिसन सरकारने आधीच कायदा करून ठेवली होती. ४५ हजार ते २ लाख, सगळ्यांना एकच ३० टक्के दर. माझ्या हाताखालची केअर असिस्टंट आणि वरचा कन्सल्टंट एकाच टप्प्यात! २ लाखवाल्याला वर्षाला ९,०७५ डॉलर मिळणार होते, ४५ हजारवालीला शून्य. लेबरचे पंतप्रधान अल्बनीजनी 'हात लावणार नाही' म्हटलं होतं आणि जानेवारी २०२४ मध्ये लावला. आता २ लाखवाल्याला ४,५२९ आणि ४५ हजारवालीला ८०४. शब्द मोडला म्हणून आठवडाभर टीव्हीवर आरडाओरडा. मग पेस्लिप आली आणि सगळे गप्प.

मला वाटतं डाव्यांनी यावरून धडा घ्यायला हवा होता. सवलत काढून घ्यायची तर त्याच दिवशी दुसऱ्या हाताने पगारदाराच्या खात्यात काहीतरी टाका.

पण एक खटकतं. कर भरायला पगार तरी हवा ना? जॉबसीकरवर, म्हणजे बेकारभत्त्यावर, एकट्या माणसाला आठवड्याला साधारण ४०० डॉलर मिळतात. सिडनीत त्यात खोली मिळते, जेवण नाही. आणि याच लोकांच्या मागे सरकारने रोबोडेट लावला होता. वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून यंत्राने ठरवायचं की तुम्ही जास्त घेतलंत, आणि पत्र धाडायचं. माझ्या एका रुग्णाच्या उशाला ते पत्र होतं, घडी घालून घालून फाटलेलं. सगळं बेकायदा निघालं, २०२३ मध्ये रॉयल कमिशनचा अहवाल आला. करबुडव्या बड्या माशांकडे बघायला असलं यंत्र कोणी बनवलेलं ऐकलं नाही. करखातं दर वर्षी मोठ्या कंपन्यांची यादी छापतं, त्यातल्या तीसेक टक्क्यांनी आयकर शून्य भरलेला असतो. त्यांतल्या काहींना खरंच तोटा असतो, मान्य. पण यंत्र नाही पाठवत.

सुपरवर (निवृत्तीनिधीवर) कोणीच बोललं नाही? लोक समजतात की ते 'म्हातारपणीची सोय' आहे. कोट्यधीशांसाठी ती करापासूनची सोय आहे.

---

हिशेबनीस

@रात्रीची_राणी, सुपरवर मी बोलतो. त्यात जाणाऱ्या पैशावर १५ टक्के, आत वाढणाऱ्या पैशावर १५ टक्के, निवृत्तीनंतर एका मर्यादेपर्यंत शून्य. ४७ टक्के भरणाऱ्याला ही ३२ टक्क्यांची सूट झाली, १६ टक्केवाल्याला जवळजवळ काहीच नाही. म्हणून चाल्मर्सनी २०२३ मध्ये ३० लाख डॉलरवरच्या शिलकीच्या कमाईवर ३० टक्क्यांची कल्पना काढली. त्यात न विकलेल्या मालमत्तेची वाढही धरली होती, तिथे अडकले. गेल्या महिन्यात माघार घेतली : न विकलेल्या वाढीवर कर नाही, मर्यादा महागाईप्रमाणे सरकेल, उलट १ कोटीच्या वर ४० टक्के.

खरं सांगू? न विकलेल्या नफ्यावर कर हे मलाही पटलं नव्हतं. हातात पैसा आला नाही तर भरायचा कुठून? इथे डाव्यांची बाजू कच्ची होती. ग्रीन्स पक्षाचा अब्जाधीशांवर वर्षाला १० टक्के संपत्तीकर, तीच गोष्ट. घोषणा म्हणून झकास, पण खाणीच्या खासगी कंपनीची दर वर्षी किंमत कोण ठरवणार? त्यापेक्षा ऑगस्टमध्ये कॅनबेरातल्या सरकारी आर्थिक गोलमेज परिषदेच्या वेळी कामगार संघटनांनी, एसीटीयूने, मांडलेलं बरं होतं : निगेटिव्ह गिअरिंग आणि नफ्यातली सूट एकाच घरापुरती ठेवा, बाकीच्यांना पाच वर्षांची मुदत. मला तरी ते व्यवहार्य वाटतं. आणि हे बोलून मी माझ्याच पोटावर पाय देतोय.

---

कॅनबेरावासी

जमिनीवरचा कर विसरू नका. जमीन कुठे पळून जात नाही, स्विस बँकेत ठेवता येत नाही. १९१० मध्ये फिशरच्या लेबर सरकारने मोठ्या जमिनींवर केंद्राचा कर लावलाच होता, तो १९५२ पर्यंत चालला. आमच्या कॅनबेरात २०१२ पासून स्टँप ड्यूटी हळूहळू कमी करून त्याजागी वार्षिक रेट वाढवताहेत. वीस वर्षांचा कार्यक्रम. सरकार तेच निवडून येतंय, लोक दर वर्षी बिल बघून शिव्याही देतात. मीही देतो.

वारसाकराचं तर नाव काढायची सोय नाही. १९७७ मध्ये क्वीन्सलंडने रद्द केला, मग स्पर्धाच लागली, दोन वर्षांत केंद्राचाही गेला. आता आई-बाप 'मुलांची बँक' झालेत. ज्याच्या बापाचं सिडनीत घर त्याला डिपॉझिट मिळतं.

---

नाशिकचे_आजोबा

मुलगा मेलबर्नला असतो म्हणून हा धागा वाचतोय. जिल्हा परिषदेत होतो, निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली.

मुलांनो, तुम्ही अटीच्या करमाफीबद्दल लिहिलंत त्यावरून आठवलं. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली, वि. स. पागे यांची कल्पना. तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा, तर १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं, गावातल्या खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी मिळायची. तुमच्यापैकी ज्यांनी पुण्यामुंबईत नोकरी केली त्यांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये गेलेच असतील. कोणी कुरकुर केलेली मला आठवत नाही. कशाला कापतात हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं म्हणा.

मी हजेरीपटावर अंगठे घेतलेत. पाझर तलावाच्या कामावर शंभर-दीडशे बायका असायच्या. एकीने विचारलं होतं, "साहेब, हा पैका कुनाचा?" मी म्हटलं, मुंबईच्या बाबूंचा. ती म्हणाली, "त्यांना सांगा, तळं झालंय, बघाया या." कोणी आलं नाही.

---

टार्नीटकर

आजोबा, नमस्कार. मी पाच वर्षं हिंजवडीत ते २०० रुपये भरलेत आणि मला आजवर वाटत होतं की कंपनीच काहीतरी कापते.

---

ब्रिस्बेनचा_बंडू

आजोबांना माझाही नमस्कार. पण विषयावर या.

टार्नीटकर, २०१९ मध्ये तुझ्या लोकांनी हे सगळं मांडलं होतंच की. लेबरचा नेता शॉर्टनने निगेटिव्ह गिअरिंग फक्त नव्या घरांपुरतं, नफ्याची सूट ५० वरून २५, आणि शेअरवाल्या म्हाताऱ्यांचे फ्रँकिंग क्रेडिटचे (लाभांशावर कंपनीने आधीच भरलेल्या कराचे) रोख परतावे बंद, असा जाहीरनामा लोकांसमोर ठेवला. त्यांचे अर्थमंत्रीपदाचे उमेदवार बोवेन तर म्हणाले, पटत नसेल तर मत देऊ नका. लोकांनी ऐकलं! सगळ्या मतदानपूर्व चाचण्यांत पुढे होते आणि निवडणूक हरले. आमच्या क्वीन्सलंडमध्ये तर पार धुव्वा. लोकांना नकोय रे बाबा हे.

---

टार्नीटकर

हो, धुव्वा. पण पक्षाने नंतर जी चौकशी केली तिच्यातली गंमत बघा. ज्यांचं नुकसान होणार होतं त्या श्रीमंत शहरी भागांत लेबरची मतं वाढली. ज्यांचं काडीचंही जाणार नव्हतं अशा कमी उत्पन्नाच्या भागांत घटली. ज्यांच्याकडे एकही शेअर नाही ते फ्रँकिंग क्रेडिट वाचवायला धावले.

मला हे आपल्या फराळात दिसतं. नुकताच आलेला, स्वतः भाड्याने राहणारा पोरगा सगळ्यात जोरात गिअरिंगची बाजू घेत होता. त्याच्याकडे घर नाही. पण 'पुढे घेईन तेव्हा' आहे. सवलत ज्याला मिळालेलीच नाही त्यालाही ती आपली वाटते. डाव्यांना आकडे मांडता येतात, या 'पुढे घेईन'चं काय करायचं ते अजून सापडलेलं नाही. अल्बनीजनी तर नादच सोडला. यंदा मे महिन्यात ९४ जागा जिंकले, तेही गिअरिंगला हात लावणार नाही असं सांगून.

---

ब्रिस्बेनचा_बंडू

छान. आता एक सरळ प्रश्न, सरळ उत्तर दे. त्या १६,६४० च्या हिशेबात कौन्सिल रेट, एजंट, लँड टॅक्स सगळं कसं अगदी बैजवार आलं? तुझी स्वतःची किती घरं?

---

झोपाळू_वाचक

पॉपकॉर्न संपले. दुसरं पाकीट.

---

टार्नीटकर | ५ नोव्हेंबर २०२५

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळेना.

राहतं टार्नीटचं. शिवाय शेजारच्या ट्रुगनिनाला तीन बेडरूमचं एक, २०१७ मध्ये घेतलेलं. भाड्याने आहे. आकडे गोल केलेत पण हिशेब बराचसा तोच आहे. परवा साडेदहाला भरलेल्या रिटर्नमध्ये तोच होता.

पण २०१९ मध्ये मी लेबरलाच मत दिलं. शाळेच्या मैदानात रांगेत उभं राहून, सॉसेजऐवजी नुसता कांदा घातलेला ब्रेड खाऊन. तोटा होणार हे माहीत असूनही दिलं, एवढं तरी मोजा.

---

हिशेबनीस

मोजतो. शॉर्टनची योजना १ जानेवारी २०२० नंतरच्या खरेदीला होती. जुन्यांना जुनाच नियम. तुझं घर २०१७ चं. तुझं एक डॉलरही जाणार नव्हतं.

---

ब्रिस्बेनचा_बंडू

🙂

---

टार्नीटकर

खरंय. हे मला तेव्हाही माहीत होतं. विसरायला सोयीचं होतं.

आता निघालंच आहे तर सांगतो. ट्रुगनिनाला जी राहते ती एकटी आई आहे, दोन मुलं, वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करते. ऑगस्टपासून तिचं भाडं आठवड्याला ३० डॉलरने वाढवलं. एजंट म्हणाला, बाजारभाव आहे, न वाढवणं वेडेपणा. मी "ओके" लिहून पाठवलं, ट्रेनमध्ये, सनशाईनच्या अलीकडे. तिला नोटीस गेली. तिने एजंटला लिहिलेली ईमेल त्याने मला पुढे पाठवली. दोन ओळी. 'ठीक आहे. हीटरचं मात्र मे महिन्यापासून सांगतेय.'

वर्षाला १,५६० वाढले. कर जाऊन माझ्या हातात १,०६० राहतात. हीटर गेल्या आठवड्यात बसवला, उन्हाळ्याच्या तोंडावर.

---

हिशेबनीस

एजंटचं कमिशन धरलं नाहीस. हीटरचा खर्चही एका वर्षात नाही धरता येणार, घसारा लावावा लागेल. पावती जपून ठेव.